वाळलेल्या कपड्याची व्याख्या

लॅबवाल्या बाईंना करार करायचा होता तो गच्चीवरच्या दोऱ्यांचा. बस्स, एवढाच. जहाजं भाड्याने द्यायची नव्हती की कारखाना विकायचा नव्हता. इमारतीतले लोक ज्यांवर चादरी वाळत घालतात, त्या दोऱ्या. पण साधी गोष्टसुद्धा एकदा कायद्याच्या भाषेत उतरली की तिला पाय फुटतात, हे व्यापारी कायद्याच्या एकाही पुस्तकात छापलेलं नाही. बाईंनी ती सगळी पुस्तकं वाचली होती, त्यामुळे त्यांना ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

बाई रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर रंगाचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी कॉलेजात जाऊन व्यापारी कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात बसायचं, असा त्यांचा क्रम. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या निम्म्या वयाची होती. ती करारातल्या मोघम शब्दांवर मिटक्या मारत वाद घालत. 'वाजवी मुदत', 'योग्य ती काळजी', 'शक्य तितक्या लवकर'. असलं काही कानावर पडलं की बाईंच्या अंगावर काटा येई. वाजवी म्हणजे किती? कोणत्या तापमानाला? कोणत्या उपकरणाने मोजून? एकदा त्यांनी हे वर्गात विचारलं, तेव्हापासून मुलं त्यांना 'थर्मामीटर मॅडम' म्हणायला लागली. बाईंना ती पदवीच वाटली.

साहजिकच त्यांनी लघुप्रबंधाला विषय घेतला, 'अचूक व्याख्यांद्वारे व्यापारी वादांचे निर्मूलन'. म्हणणं सोपं होतं. करारातल्या प्रत्येक शब्दाची नेमकी व्याख्या केली, तर माणसांना भांडायला जागाच उरणार नाही.

मार्गदर्शक सरांनी शीर्षक वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं.

"निर्मूलन?" ते म्हणाले. "मग आम्ही वकिलांनी काय करायचं?"

"सर, मी गंभीरपणे म्हणतेय."

"तेच तर भीतीदायक आहे." सर हसले. "ठीक आहे. पण नुसते दाखले गोळा करून चालायचं नाही. मला एक जिवंत करार हवा. तुम्ही लिहिलेला, खऱ्या पक्षकारांनी पाळलेला. तोंडी परीक्षेपर्यंत तो वादाशिवाय चालला, तर तुमचा मुद्दा सिद्ध."

"आणि वाद झालाच तर?"

"तर पुढच्या वर्षी भेटू," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

पुढचं वर्ष बाईंना परवडणारं नव्हतं. कारखान्याने अभ्यासासाठी संध्याकाळी लवकर सुटायची सवलत याच वर्षापुरती दिली होती. शिवाय त्यांनी सासूबाईंपासून कारखान्याच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना 'यंदा पास होणार' असं सांगून ठेवलं होतं. ज्या बाईने आजवर हवामानाबद्दलसुद्धा 'बहुतेक' हा शब्द लावल्याशिवाय विधान केलं नव्हतं, तिच्या दृष्टीने ही केवढी मोठी उडी!

जिवंत करार मात्र आयता खाली उभा होता. इमारतीच्या तळमजल्यावर एक लॉन्ड्री होती. तिची मालकीण लॉन्ड्रीवाली ताई. आवाज असा की तिने खाली 'पडदे झाले का?' विचारलं की वरच्या मजल्यावरचे पडदे हलत. दुकान एवढंसं होतं, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवरच्या दोऱ्या भाड्याने मिळाव्यात म्हणून ती कधीपासून मागे लागली होती. इमारतीच्या सेक्रेटरीकाकांचा विरोध होता. काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर 'खुलासा करावा' असं लिहिल्यामुळे त्यांना कशालाच लगेच हो म्हणता येत नसे.

"वहिनी, तुम्ही करार लिहिणार असाल तर हरकत नाही," काका म्हणाले. "पण पळवाट नको."

"काका, मुंगीला जाता येणार नाही," बाई म्हणाल्या.

बैठक बाईंच्याच घरी झाली. सल्ल्याला तोटा नव्हता. लॉन्ड्रीवालीचं म्हणणं, मोबदला म्हणून ती प्रत्येक घराच्या शर्टांना फुकट इस्त्री करून देईल. काकांचा प्रश्न, शर्ट म्हणजे काय? पूर्ण बाह्यांचा की अर्ध्या? बाईंनी आनंदाने शर्टाची व्याख्या लिहिली. मग दोरीची लिहिली. मग चिमट्याची. सासूबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अगं, दोरीला दोरी म्हण की. लग्नात तुझं वर्णनसुद्धा एवढं केलं नव्हतं."

मुख्य अट अशी ठरली: लॉन्ड्रीचे कपडे वाळले की ताईने ते ताबडतोब उतरवायचे, म्हणजे घरच्यांना दोऱ्या मोकळ्या मिळतील. आणि कपडे ओले असतील, तोवर त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"पण वाळले हे कोण ठरवणार?" काकांनी विचारलं.

बाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. त्यांनी कागद उलटला आणि प्रयोगशाळेतल्या शिस्तीत वाचून दाखवलं: "'वाळलेला कपडा म्हणजे असा कपडा, ज्याचे एका तासाच्या अंतराने दोनदा वजन केले असता वजनात कोणताही फरक आढळत नाही.'"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शास्त्रासमोर माणूस डोलावतो, तशा.

"वा!" काका म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच कशाला तरी वा म्हटलं होतं.

"माझं काही म्हणणं नाही," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "फरक नाही म्हणजे वाळला. कळलं."

तिला किती कळलं होतं ते पुढे दिसलं.

राहता राहिला लवाद. वाद होणारच नव्हता, पण करारात लवाद नसला तर सर नाक मुरडतील म्हणून तेही कलम घातलं. तिऱ्हाईत हवा, कुणाच्या बाजूचा नको. बरीच नावं पुढे आली आणि मागे गेली. शेवटी सगळ्यांचं एकमत बाईंच्या नवऱ्यावर झालं, कारण अख्ख्या इमारतीत कुठल्याही गोष्टीबद्दल मत नसलेला तो एकमेव माणूस होता. त्यालाही विचारण्यात आलं. "काय हवं ते करा," तो म्हणाला. ही त्याची संमती धरण्यात आली.

सह्या झाल्या. बाईंनी कराराची प्रत कपाटात ठेवली आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात 'निर्मूलन झाले आहे' असं लिहूनही टाकलं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. हवा कोरडी होती, कपडे दुपारपर्यंत वाळत, ताई ते वजनबिजन न करता उतरवून नेई. प्रत्येक घरातला पुरुष कडक इस्त्रीचा शर्ट घालून मिरवत होता. मग हवा पालटली. सकाळी धुकं, दिवसभर दमट, संध्याकाळी पुन्हा धुकं. आणि एक दिवस काका तणतणत बाईंच्या दारात आले.

"वहिनी, वर चला. त्या रजया बघा!"

गच्चीवर सगळ्या दोऱ्या भरलेल्या होत्या. रजया, पडदे, चादरी, कुणाचा तरी सूट. मध्ये लॉन्ड्रीवाली कमरेवर हात ठेवून उभी.

"हे परवापासून इथे आहे," काका म्हणाले. "कडकडीत वाळलंय. आमचे टॉवेल आम्ही कुठे घालायचे? डोक्यावर?"

"वाळलंय?" लॉन्ड्रीवाली म्हणाली. "वजन करा."

बाईंनी घरातला ताजव्याचा काटा आणला. रजई तोलली, तासाने पुन्हा तोलली. वजन तेच. काकांचा चेहरा उजळला.

"हा काटा भाजीचा आहे," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "करारात म्हटलंय 'कोणताही फरक'. कोणताही म्हणजे बारीकसुद्धा. बारीक बघणारा काटा आणा, मॅडम. तुम्हीच लिहिलंय."

तिथेच काकांनी चूक केली. लेखापरीक्षकाचा स्वाभिमान दुखावला गेला आणि ते बाजारात जाऊन कणभर फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले. त्या काट्यावर रजई ठेवली आणि आकडे जे नाचायला लागले ते थांबेचनात. वारा आला, आकडा बदलला. ढग सरला, बदलला. काका खोकले, तरी बदलला. तासाने पाहिलं तर रजई आधीपेक्षा जड.

"बघा!" लॉन्ड्रीवाली आनंदाने म्हणाली. "ही तर आणखी ओली झाली."

बाईंना आपल्या पायाखालची गच्ची सरकल्यासारखी वाटली. त्या शास्त्राच्या पदवीधर होत्या. सुती कापड हवेतला दमटपणा पितं आणि परत सोडतं, हे त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांच्या व्याख्येप्रमाणे ही रजई, हे पडदे, जगातला कुठलाही सुती कपडा कधीच वाळत नव्हता. आणि वाळत नव्हता तोवर त्याला कुणी हातसुद्धा लावू शकत नव्हतं.

खरी गोम नंतर उघड झाली. ताईच्या दुकानात तयार कपडे ठेवायला जागाच नव्हती. गिऱ्हाईकं कपडे टाकून जात आणि न्यायला विसरत. तिला गोदाम हवं होतं. करारात तिला ते मिळालं होतं, वर आकाशासकट.

"ताई, असं करू नका," बाई काकुळतीला आल्या. "माझी परीक्षा आहे."

"मॅडम, मी करार पाळतेय," ती समजुतीने म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, कुणी करार मोडायचा नाही म्हणून?"

 बाईंना ताईचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःच्या व्याख्येचा, आणि तिच्याबद्दल किंचित कौतुकही. त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाने त्यांचा मसुदा इतका बारकाईने वाचला नव्हता.

काकांनी रीतसर नोटीस दिली आणि वाद लवादाकडे गेला. म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे. आणि तो माणूस बदलला. एरवी जिन्यात कुणी त्याला ओळखही देत नसे. आता काका दार उघडून धरत, लॉन्ड्रीवाली 'साहेब' म्हणे. तो जिना चढताना पावलं मोजून टाकायला लागला. घरात बाईंनी जेवताना विषय काढला, तर त्याने हात वर केला.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

"अहो, मी तुमची बायको आहे."

"म्हणूनच मी जास्त काळजी घ्यायला हवी," तो गंभीरपणे म्हणाला आणि भात मागितला.

"अरे, तिला आमटी तरी वाढू दे," सासूबाई म्हणाल्या. "की त्यालाही तारीख लागेल?"

इकडे कॉलेजच्या कार्यालयात वेगळीच अडचण. प्रबंध दाखल करायचा, तर कराराबरोबर दाखला हवा.

"वाद नसल्याचा दाखला जोडा," खिडकीतले कारकून म्हणाले.

बाईंना खोटं बोलता येत नसे. "वाद आहे."

"मग वाद असल्याचा दाखला जोडा."

"तो चालेल?"

"चालणार नाही," कारकून म्हणाले. "पण फाईल पूर्ण होईल."

बाईंनी तसा दाखला लिहून दिला. कारकुनांनी तो वाचला, आणि नियमाप्रमाणे एका रकान्यात 'वादाची सद्यस्थिती: सुनावणी चालू' आणि दुसऱ्यात 'स्थळ: गच्ची' असं सुवाच्य अक्षरात भरलं. तो कागद फाईलमधून बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. परीक्षक मॅडम पूर्वी व्यापारी न्यायालयात न्यायाधीश होत्या आणि निवृत्तीनंतर कंटाळल्या होत्या. त्यांनी सरांना फोन केला.

"तोंडी परीक्षा कॉलेजात कशाला? मला गच्चीवर यायचंय."

सरांनी ही बातमी बाईंना सांगितली तेव्हा त्यांचा आवाज, माणूस लांबच्या नातेवाइकाच्या आजारपणाबद्दल बोलतो तसा होता.

त्या दिवशी गच्चीवर जत्रेसारखी गर्दी. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी पंखा आणला, जो लावायला प्लगच नव्हता. लवाद कोट घालून खुर्चीवर बसला होता. कोटाला लॉन्ड्रीवालीने स्वतः इस्त्री केली होती आणि काकांनी त्यावर हरकत घेतली होती. परीक्षक मॅडम दोन चादरींच्या मध्ये बसल्या. बुटक्याशा, पांढऱ्या केसांच्या, आणि डोळ्यांत भलताच उत्साह. बाजूला सर, हात जोडून बसल्यासारखे.

"सुरू करा," परीक्षक मॅडम म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

काका उठले. त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा मांडला, रजई ठेवली आणि वाक्य सुरू करायच्या आतच आकडा हलला.

"ओली!" लॉन्ड्रीवाली ओरडली.

"ओली? अहो, हिला वाळून भेगा पडायच्या राहिल्यात!"

"वजन बोलतंय, काका. मी कुठे बोलतेय?"

"तुम्ही बोलायचं थांबलात तर काट्यावरचा वारा तरी थांबेल!"

लोक हसले. लवादानेही हसू दाबलं आणि टेबलावर चमचा आपटला. हातोडा घरात नव्हता. परीक्षक मॅडमनी मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"तर, बाई. तुमच्या प्रबंधात म्हटलंय की अचूक व्याख्या केली की वाद उरत नाही. हे काय चाललंय?"

सरांनी भुवया उंचावून खूण केली. खुणेचा अर्थ स्पष्ट होता: काटा सदोष आहे म्हणा. हवामान अपवादात्मक आहे म्हणा. पक्षकारांनी दुरुपयोग केला म्हणा. काहीही म्हणा आणि पास व्हा.

बाईंनी रजईकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझा सिद्धांत चुकला."

सरांनी डोळे मिटले.

"काटा बरोबर आहे," बाई पुढे म्हणाल्या. एकदा खरं बोलायला लागल्यावर त्यांचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा स्थिर झाला. "ताईंचंही बरोबर आहे. सुती कापड हवेबरोबर सतत देवघेव करतं. त्याचं वजन कधी पूर्ण स्थिर होत नाही. मला हे ठाऊक होतं. पण करार लिहिताना मी हवेला पक्षकार धरलंच नाही. व्याख्या जितकी बारीक केली, तितकी ती माणसांपासून लांब गेली. माझ्या म्हणण्याच्या बरोबर उलट निष्कर्ष निघतोय. मी तोच लिहीन. नापास केलं तरी."

 यंदा पास होणार, असं त्यांनी पहारेकऱ्यालासुद्धा सांगितलं होतं.

 परीक्षक मॅडमनी विचारलं, "तुम्ही रंगाच्या कारखान्यात काम करता ना? तिथे रंग वाळला हे कसं ठरवता?"

बाईंनी नजर काट्याकडे वळवली.

"सांगा की."

"बोट लावून," बाई पुटपुटल्या.

"काय?"

"बोट लावून!" बाई मोठ्याने म्हणाल्या, आणि घाईघाईने भर घातली, "पद्धत ठरलेली आहे. हलकेच टेकवायचं. बोटाला रंग लागला नाही तर वाळला."

आधी सासूबाई हसल्या. मग लॉन्ड्रीवाली, आणि ती हसली म्हणजे सगळी गच्ची हसली. सरसुद्धा डोळे उघडून हसले. बाईंना स्वतःला हसू आवरेना. इतकी वर्षं जे रोज करत होत्या, ते कायद्याच्या कागदावर लिहायला त्यांना लाज वाटली होती.

त्या गडबडीत लवाद उभा राहिला. त्याने रजईला तळवा लावला, मग पडद्याला लावला, कोटाची कॉलर सरळ केली आणि आयुष्यातलं पहिलं मत दिलं.

"वाळलेत. उतरवा."

"आणि ठेवू कुठे, साहेब?" लॉन्ड्रीवालीने विचारलं. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "दुकानात पाय ठेवायला जागा नाही हो."

"जिन्याखालच्या खोलीत," लवाद म्हणाला. "काकांनी तिथे मोडक्या खुर्च्या साठवल्यात. त्या काढायच्या."

"त्या दुरुस्त करायच्या आहेत!" काका म्हणाले.

"कधी?"

काकांनी तोंड उघडलं. 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द ओठांवर आले असावेत, पण एवढ्या लोकांसमोर त्यांना ते उच्चारवेनात. "खुलासा नंतर करीन," ते म्हणाले आणि खाली बसले. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो लाजून चमच्याकडे बघत होता.

परीक्षक मॅडमनी पर्स उचलली. "निर्मूलन हा शब्द शीर्षकातून काढा," त्या बाईंना म्हणाल्या. "बाकी मला भरपूर झालं. एवढ्या वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याने माझ्यासमोर स्वतःचा सिद्धांत स्वतः पाडून दाखवला नव्हता. सर, गुण भरा. आणि पहिल्या वर्गात बसतील असे भरा."

सरांनी खिशातून पेन काढलं. मग चहा आला, बिस्किटं आली, पंखा लावायला अखेर कुणीतरी वायर लांबवली. त्या आनंदात तिथल्या तिथे करार दुरुस्त करायचं ठरलं. कपडा वाळला की नाही, हे बोट लावून ठरवायचं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त बोट कुणाचं, एवढाच प्रश्न. लॉन्ड्रीवालीने स्वतःचं पुढे केलं. काका म्हणाले, हितसंबंध आहेत. काकांनी आपलं केलं. ताई म्हणाली, हे बोट आयुष्यभर फक्त चुका दाखवत आलंय. शेवटी दोघांनाही चालेल असं एकच बोट सापडलं, ते सासूबाईंचं.

सासूबाईंनी पदर सावरला आणि हात पुढे केला. मग त्यांना शंका आली.

"अगं, पण कोणतं बोट?" त्या म्हणाल्या. "लिहून घे बाई. नंतर वाद नको."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी पेन उघडलं, सासूबाईंच्या पाचही बोटांकडे नीट पाहिलं, थोडा विचार केला आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: कोणतंही.